पक्ष्यानेही न पाहिलेले शहर

नेरळहून कळंबकडे येणाऱ्या रस्त्याला आता भातशेतीपेक्षा फलक जास्त दिसतात. एन.ए. प्लॉट, फार्महाऊस, सेकंड होम. फलकामागच्या कार्यालयात डोकावले की एक गुळगुळीत पुस्तिका हातात पडते. तिच्या मधल्या जोडपानावर उंचावरून पाहिलेली वसाहत असते. सगळे रस्ते टोकापर्यंत दिसतात, प्रत्येक बंगल्याचे दार दिसते, मागे हात लावावा इतक्या जवळ माथेरान आणि पुढ्यात बारमाही नदी. चौकस गिऱ्हाईक हसते आणि विचारते, डोंगर एवढा जवळ कसा आला? प्रश्न बरोबर आहे, पण त्याहून मोठी लबाडी त्याच्या नजरेतून सुटते. सगळे रस्ते आणि सगळी दारे एकाच वेळी दिसतील अशी उभे राहायची जागा जगात कुठेच नसते.

ही युक्ती प्लॉटवाल्यांची नाही. ती पाचशे वर्षांची आहे, युरोपातल्या छापखान्यांतून आली आहे आणि तिचा आपल्या भागातला सर्वांत नावाजलेला नमुना म्हणजे १५९६ साली ॲमस्टरडॅममध्ये छापून निघालेले गोव्याचे चित्र. त्या चित्राकडे जाण्याआधी मात्र माथेरानवर चढायला हवे.

पॅनोरमा पॉइंट माथेरानच्या उत्तर टोकाला आहे. तिथून पूर्वेकडे पाहिले की पायथ्याशी नेरळ, पलीकडे उल्हासचे खोरे, त्याच्या पुढे कळंबचे मैदान आणि शेवटी भीमाशंकरची रांग. माथेरानचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंच. खालचे मैदान पन्नासेक मीटर. म्हणजे डोळा मैदानापासून साडेसातशे मीटर वर. कळंबपर्यंतचे सरळ अंतर हिशेब सोपा जावा म्हणून दहा किलोमीटर धरू. एवढ्या उंचीवरून एवढ्या लांब पाहताना आपली नजर आडव्या पातळीपासून किती खाली वाकते? जेमतेम सव्वाचार अंश.

सव्वाचार अंश म्हणजे जवळजवळ आडवेच पाहणे. या कोनातून डावीकडून उजवीकडे पसरलेली एक किलोमीटर जमीन जेवढी लांब दिसते, तिच्या तेराव्या हिश्श्याएवढीच आपल्यापासून दूर जाणारी एक किलोमीटर जमीन दिसते. सहा मीटर उंचीचे दुमजली घर आपल्यामागची ऐंशी मीटर जमीन झाकून टाकते. मग कुठली आळी आणि कुठला चौक? स्वच्छ हवा असेल तर छपरांचा एक पातळ पट्टा, अधूनमधून झाडे, बस्स. पर्यटक तिथे उभे राहून ‘सगळं दिसतंय’ म्हणतात. दिसत असते ते बहुतांशी आकाश आणि दरी.

जुन्या छापील चित्रांत शहर ज्या कोनातून दाखवलेले असते तो तीस ते साठ अंशांच्या घरात असतो. पॅनोरमा पॉइंटवरून ४५ अंशांनी खाली पाहायचे म्हटले, तर साडेसातशे मीटर उंचीवरचा डोळा सपाट जमिनीवर फक्त साडेसातशे मीटर अंतरावरची जागा पाहू शकतो. तिथे डोंगराचा उतार आणि कारवीची झुडपे यांच्याशिवाय काही नाही. माणूस फुग्यातून पहिल्यांदा वर गेला १७८३ साली. फुग्यातून पहिले छायाचित्र फ्रान्समध्ये नादारने काढले १८५८ मध्ये. १७८३ च्या आधी शहर असे पाहण्याची कुठलीच सोय नव्हती. चित्रे मात्र तीनशे वर्षे आधीपासून धडाधड छापली जात होती.

मग ती काढली कशी?

आधी हे पाहू की असे चित्र काढावेसे का वाटले. ताटातली वाटी अगदी डोक्यावरून पाहिली तर तिचा गोल कळतो, खोली कळत नाही. नजर ताटाच्या पातळीला आणली तर वाटीची उंची कळते, आत आमटी आहे की खीर ते कळत नाही. जेवायला बसलेल्या माणसाला दोन्ही कळते, कारण तो तिरपा पाहतो. शहराचेही तसेच. सरळ वरून काढलेला नकाशा रस्ते आणि अंतरे नेमकी सांगतो. लिओनार्दो दा विंचीने १५०२ साली इटलीतल्या इमोला गावाचा असा नकाशा काढला, तो आजही मोजमापाच्या दृष्टीने थक्क करतो. पण त्यात एकही भिंत उभी नाही. उलट समुद्रातून किंवा नदीपलीकडून काढलेले दृश्य मनोरे, घुमट, तटबंदी झोकात दाखवते, पण पहिल्या ओळीमागचे सगळे शहर गडप होते. तिरपे चित्र दोन्ही प्रश्नांना एकदम उत्तर देते: कुठे आहे आणि कसे दिसते.

कोन जितका उभा, तितका नकाशा चांगला. कोन जितका आडवा, तितकी घरे चांगली. चित्रकाराची सगळी कसरत या दोन टोकांच्या मधली आहे.

यातला पहिला थोर नमुना १५०० सालचा. व्हेनिसचे चित्र, याकोपो दे बार्बारी या चित्रकाराचे, आंटोन कोल्ब नावाच्या जर्मन व्यापाऱ्याने छापवलेले. सहा लाकडी ठशांवरून सहा मोठे कागद छापायचे आणि जोडायचे. जोडल्यावर रुंदी पावणेतीन मीटरच्या वर जाते. कोल्बने व्हेनिसच्या सरकारकडे छपाईचा हक्क मागताना या कामाला तीन वर्षे लागल्याचे सांगितले होते. ते ठसे व्हेनिसच्या कोरेर संग्रहालयात अजून आहेत. चित्रात सान मार्कोच्या मनोऱ्याला टोकदार शिखर नाही, तात्पुरते बसके छप्पर आहे, कारण १४८९ मध्ये वीज पडून मनोरा जळला होता आणि दुरुस्ती व्हायची होती. इतका बारकावा. पण हे चित्र एका जागेवरून पाहिलेले नाही. अभ्यासकांनी त्यावरच्या जागा आजच्या नकाशाशी ताडून पाहिल्या, तेव्हा शहराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या बाजूंना ताणलेले, आवळलेले, वळवलेले निघाले. शहरातल्या अनेक घंटाघरांवरून तुकड्यातुकड्याने पाहून, ते तुकडे एका सांगाड्यावर बसवून हे शहर उभे केले आहे.

म्हणजे पद्धत अशी: आधी जमिनीवरची मोजणी, तिच्यावरून आराखडा. मग तो आराखडा तिरपा करून कागदावर मांडायचा. मग एकेका गल्लीत हिंडून टिपलेली घरे त्यावर उभी करत जायची. या कामात पंखांचा उपयोग शून्य, चपला मात्र झिजतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत थॅडियस फाउलर नावाच्या माणसाने अशी चारशेहून अधिक गावे काढली. तोही याच पद्धतीने: गावात उतरायचे, रस्त्यारस्त्यांतून चालत घरांची रेखाटने करायची, गावकऱ्यांकडून आगाऊ वर्गणी घ्यायची आणि शिळाछापावर चित्र काढून विकायचे.

इथे यथार्थदर्शनाचा, म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या भाषेत पर्स्पेक्टिव्हचा प्रश्न येतो. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने क्षितिजरेषेवर टिंब देऊन त्याकडे पळणारे रस्ते काढलेले असतात. हे शास्त्र फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकात बसवले गेले. ब्रुनेलेस्कीने ते करून दाखवले आणि अल्बेर्तीने १४३५ मध्ये लिहून ठेवले. एक डोळा, एक जागा, एक क्षण, त्यातून दिसेल तेवढेच चित्र. शहरे काढणाऱ्यांना हे शास्त्र ठाऊक होते. तरी त्यांनी ते सोयीने वाकवले, आणि त्यामागे अडाणीपणा नव्हता, साधा हिशेब होता.

तो हिशेब करून पाहू. समजा डोळा ७५० मीटर उंच आणि शहराची अलीकडची कड डोळ्याखालच्या बिंदूपासून ७५० मीटरवर, म्हणजे तिथे कोन ४५ अंशांचा. शहर दोन किलोमीटर खोल. तर पलीकडच्या कडेला कोन पंधरा अंशांवर येतो आणि तिथले घर अलीकडच्या घराच्या निम्म्याहूनही लहान, पावणेतीन पटींनी लहान दिसते. राजवाडा किंवा मुख्य देऊळ त्या टोकाला असले तर काडेपेटीएवढे होणार. चित्र विकत घेणारा सरदार किंवा धर्मगुरू हे कसे खपवून घेईल? म्हणून बहुतेक चित्रकारांनी रेषा एका बिंदूकडे पळू दिल्या नाहीत. समांतर रस्ते समांतरच ठेवले, मागची घरेही पुढच्या घरांएवढीच ठेवली. अशा चित्रात पाहणाऱ्याचा डोळा एका ठिकाणी नसतोच. तो प्रत्येक घरासमोर सारख्याच अंतरावर असतो.

दुसरी अडचण गल्ल्यांची. सहा मीटर उंच घरांच्या ओळीमागे तीन मीटरची गल्ली असेल तर ४५ अंशांतून तिचा तळ दिसत नाही. पुढचे घर तो झाकते. तळ दिसायचा तर गल्ली किमान सहा मीटर हवी, नाहीतर नजर साठ अंशांहून उभी हवी, आणि एवढ्या उभ्या नजरेला घरांच्या भिंती दिसेनाशा होतात. यावर उपाय एकच: चित्रात गल्ली रुंद करायची. लुई ब्रेतेने १७३४ ते १७३६ मध्ये पॅरिस पायी हिंडून जो वीस पानांचा भव्य नकाशा केला आणि जो १७३९ मध्ये छापून निघाला, त्यात हेच केले आहे. वाड्यांच्या आतल्या चौकांत शिरण्याची परवानगी त्याला नगरप्रमुख त्युर्गोकडून मिळाली होती. म्हणून नकाशाला नाव त्युर्गोचे, पायपीट ब्रेतेची. हे आपल्याकडेही नवीन नाही. त्याने पाहणारा वायव्येला ठेवला, त्यामुळे चर्चची पश्चिमेकडची दर्शनी बाजू आपल्याला सामोरी येते. रस्ते रुंद केल्याने पॅरिस प्रत्यक्षात होते त्याहून हवेशीर दिसते. जुनी शहरे फार मोकळीढाकळी होती असे ज्यांना अशी चित्रे पाहून वाटते, त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

आता गोवा.

जर्मनीत कोलोन येथे गेओर्ग ब्राउन या धर्मोपदेशकाने आणि फ्रान्स होगेनबेर्ग या कोरक्याने १५७२ पासून जगातल्या शहरांच्या चित्रांचे खंड काढायला सुरुवात केली. सहा खंड, शेवटचा १६१७ चा, पाचशेहून अधिक चित्रे. पहिल्याच खंडात कालिकत आणि कन्नूर आहेत, गोवा आणि दीव आहेत. गोवा आणि दीव यांना एकाच कागदावर मोरोक्कोतल्या दोन गावांशेजारी जागा मिळाली. चार शहरे एका पत्र्यावर बसवायची म्हणजे कुणालाच अंग पसरता येत नाही. शहराचा आकार इथे भूगोलाने ठरत नाही, तांब्याच्या पत्र्याच्या मापाने ठरतो.

ब्राउनच्या चित्रांत पुढच्या बाजूला अनेकदा एक टेकाड असते आणि त्यावर त्या देशाच्या पोशाखातली माणसे. प्रस्तावनेत ब्राउनने याचे एक कारण दिले आहे: मनुष्याकृती असल्या की धर्माने चित्रे वर्ज्य मानणारे तुर्क हे पुस्तक युद्धासाठी वापरणार नाहीत. कारण ऐकायला मजेदार आहे, मला ते फारसे पटत नाही. टेकाडाचे खरे काम वेगळे वाटते. पाहणाऱ्याला उभे राहायला जागा लागते. अधांतरी डोळा लोकांना अस्वस्थ करतो, म्हणून चित्रकार एक खोटी टेकडी देतो आणि सांगतो, ‘इथून दिसते हे’. सपाट प्रदेशातल्या गावांनाही अशा टेकड्या मिळाल्या. पॅनोरमा पॉइंटचा हिशेब केलेल्या माणसाला ही टेकडी फसवू शकत नाही: तिच्यावर उभे राहून मागचे शहर तसे दिसणार नाही, हे त्याला लगेच कळते.

ब्राउन कधी गोव्याला आला नाही. यान हाउखेन फान लिन्सखोटेन आला. हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात पोचला, आर्चबिशप विसेंत द फोन्सेका यांच्या पदरी चिटणीस म्हणून पाच वर्षे राहिला, आणि डोळे-कान उघडे ठेवून परत गेला. त्याचा ‘इटिनेरारिओ’ हा प्रवासग्रंथ ॲमस्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लासने १५९६ मध्ये छापला. त्यात गोव्याचा मोठा घडीचा नकाशा आहे. बाप्टिस्टा फान डूटेखमने तो १५९५ मध्ये तांब्यावर कोरला. शीर्षक पोर्तुगीजमध्ये: गोव्याचे बेट आणि शहर, पंधरा अंश उत्तरेला.

शीर्षकातच चित्राची गाठ आहे. बेट आणि शहर, दोन्ही एकाच कागदावर. तिसवाडीचे बेट आडवे दहा किलोमीटरहून मोठे आणि शहर त्याच्या एका कोपऱ्यात. एकाच मापाने काढले असते तर शहर अंगठ्याएवढे झाले असते. डूटेखमने बेटाच्या मानाने शहर कितीतरी फुगवले आहे. मांडवी आणि तिच्यातली गलबते, तटबंदी, घरांच्या ओळी, चर्चे, शहराबाहेर माडांची राने आणि टेकड्या. शहर ४५ अंशांतून पाहिल्यासारखे, बेटाची किनार जवळजवळ नकाशासारखी, टेकड्या मात्र बाजूने पाहिल्यासारख्या. तीन वेगळ्या नजरा एका पत्र्यावर, आणि त्यांना जोडणारी शिवण सापडू नये इतकी सफाई. ती शिवण शोधत बसण्यात माझा तरी वेळ फार मजेत जातो: डोळा शहरातून बाहेर सरकवत न्यायचा आणि आपण केव्हा ‘वरून’ पाहायचे सोडून ‘समोरून’ पाहू लागलो ते पकडायचे.

याच ग्रंथात रुआ दिरैतावरच्या लिलावाचे वेगळे चित्र आहे. शहराचा हा मुख्य रस्ता. लिन्सखोटेन लिहितो की सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ तिथे लिलाव चाले. या चित्रात पाहणारा जमिनीच्या जवळ आहे. दोन्ही बाजूंना घरे, मध्ये घोडे, पालखी, छत्र्या धरलेले नोकर, विकायला आणलेली माणसे. दोन चित्रे शेजारी ठेवली की वरून काढलेल्या चित्राची किंमतही कळते आणि मर्यादाही. वरच्या चित्रात रस्ता कुठून कुठे जातो ते कळते. गुलाम विकले जात होते, हे मात्र खाली उतरल्यावरच दिसते.

तांब्यावरची छपाई समजून घेतल्याशिवाय या चित्रांबद्दल बोलणे अपुरे राहते. कोरक्या तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी टोच्याने रेषा खोदतो. शाई खाचांत भरतात, पृष्ठभाग पुसून घेतात, ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढतात. कागदावर सगळे उलटे उमटते, डावे ते उजवे. म्हणून कोरताना शहर आरशातल्यासारखे उलटे कोरावे लागते, अक्षरेही उलटी. दुसऱ्या छापखान्याने छापील चित्राची नक्कल घाईघाईने सुलटीच कोरली, तर त्याच्या आवृत्तीत नदी शहराच्या दुसऱ्या बाजूला जाते. जुने चित्र हाती आले की नदी आणि समुद्र योग्य बाजूला आहेत ना हे आधी पाहावे, ते यासाठी.

आणि नकला फार झाल्या. १५९८ मध्ये लंडनला ‘इटिनेरारिओ’चा इंग्रजी अनुवाद निघाला, नकाशे नव्याने कोरून. फ्रांकफुर्टच्या दे ब्री मंडळींनी त्याच सुमाराला आपल्या प्रवासवर्णनांच्या मालिकेत गोवा घेतले. पुढे शंभरावर वर्षे हेच गोवे या ना त्या रूपात छापले जात राहिले. मूळ गोवे बदलत होते, ओस पडत होते. कागदावरचे गोवे गजबजलेलेच.

चित्राचे वय ओळखायची सोपी खूण इथे आहे. लिन्सखोटेन १५८८ च्या अखेरीस गोवे सोडून गेला. बॉम जेझूस चर्चची पायाभरणी १५९४ मधली, चर्च खुले झाले १६०५ मध्ये. नदीच्या घाटावरची व्हाइसरॉयची कमान वास्को द गामाच्या पणतूने उभारली ती १५९९ च्या सुमाराची. जुन्या गोव्यात आज पर्यटक ज्या दोन गोष्टींसमोर आधी उभे राहतात, त्या दोन्ही लिन्सखोटेनने पाहिलेल्या शहरात नव्हत्या. उलट त्याने पाहिलेली बाजारपेठ, घरांच्या ओळी आणि गल्ल्या आज नाहीत. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, त्याच्या बऱ्याच आधी तिथली घरे पडू लागली होती. रुआ दिरैता म्हणजे आता कमानीतून चढणारा एक साधा रस्ता. तो कुठून कुठे जात होता आणि त्याला कोणत्या गल्ल्या मिळत होत्या, हे सांगायला डूटेखमचा पत्रा हा मोठा आधार आहे. गल्ल्यांची जोडणी आणि चर्चांच्या जागा यांसाठी तो भरवशाचा. घरांची संख्या, रस्त्यांची रुंदी आणि झाडांची दाटी यांसाठी तो साक्षीदार म्हणून उभा करू नये. घरे तिथे ‘इथे वस्ती होती’ एवढेच सांगायला आहेत.

आमच्या रायगड जिल्ह्याची आठवण याच काळात दुसऱ्या एका पुस्तकात आहे, फक्त ते छापलेले नव्हते. १६३५ मध्ये आंतोनियो बोकार्रोने पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या किल्ल्यांचा ग्रंथ लिहिला आणि पेद्रू बार्रेतो द रेझेंदने त्यासाठी रंगीत आराखडे दिले. पोर्तुगालमधल्या एव्होरा इथल्या प्रतीत असे ४८ आराखडे आहेत. त्यांत चौल आहे, वसई आहे, मुंबईही आहे. चौल म्हणजे रेवदंड्याचा कोट. तटबंदी वरून पाहिल्यासारखी, आतली चर्चे आणि घरे मात्र समोरून. गोव्याच्या छापील चित्रातली सफाई इथे नाही आणि त्यामुळेच युक्ती उघडी दिसते. रेवदंड्याला जाऊन तटावरून चालणाऱ्याने ते चित्र संगणकावर आधी जरूर पाहावे. नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये उभ्या असलेल्या पडक्या भिंती एकमेकींशी कशा जोडल्या होत्या ते उमजते.

पेशवाईतले मोडी अक्षरांतले मराठी नकाशे याहून मोकळे. सुसान गोल यांनी १९८९ मध्ये भारतीय नकाशांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, त्यात ते पाहायला मिळतात. नदी आणि वाट वरून दिसते, डोंगर, देवळे, झाडे बाजूने, आणि कधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरे विरुद्ध दिशांना पाठीवर निजलेली. भिंतीवर टांगून पाहिले तर निम्मा नकाशा उलटा वाटतो. पण हे नकाशे टांगायचे नव्हतेच. ते जाजमावर पसरायचे, चारी बाजूंनी माणसे बसायची आणि ज्याच्यासमोर जो भाग येई तो त्याला सुलटा दिसे. युरोपी चित्रकाराने एक खोटा डोळा उभा केला आणि सगळे त्याच्या स्वाधीन केले. आपल्या लोकांनी डोळाच ठेवला नाही. यातले एक प्रगत आणि दुसरे मागासलेले, असे शाळेत शिकवले जायचे. मला तरी दोन्हींत सारखाच विचार दिसतो: कुठले आणि कसे, दोन्ही कळायला हवे.

खरोखरच्या उंचीवरून काढलेली चित्रेही पुढे आली. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९१-९२ मध्ये मुंबईची बारा दृश्ये काढली, ती त्याच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. त्यातली काही मलबार हिलवरून आणि माझगावच्या बेलमाँट टेकडीवरून घेतलेली आहेत. ती सुंदर आहेत आणि प्रामाणिक आहेत. समोर झाडे, मध्ये पाण्याचा पट्टा, दूर डोंगर. मुंबईतला एकही रस्ता त्यांवरून शोधता येत नाही.

ड्रोन आल्यावर हा सगळा खटाटोप संपला असे वाटेल. पण हिशेब तोच राहतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रातही परवानगीशिवाय ४०० फुटांच्या, म्हणजे सुमारे १२० मीटरच्या वर जाता येत नाही. एवढ्या उंचीवरून ४५ अंशांत दिसते ती १२० मीटरवरची जागा. एखादी आळी मावेल, गाव मावत नाही. गाव मावायचे तर शेकडो छायाचित्रे काढून, त्यांतल्या सामाईक खुणा जुळवून, एकमेकांना जोडावी लागतात. दे बार्बारीने घंटाघरांवरून जे केले ते आता संगणक करतो, आणि झाडांच्या कडांना किंवा विजेच्या तारांपाशी त्याचीही शिवण उसवलेली दिसते.

गावठाणांच्या ड्रोन-मोजणीत या जोडलेल्या चित्रातून तिरपेपणा पूर्ण काढून टाकतात. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला जाहीर झाली, महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी अशा मोजणीचा प्रयोग त्याआधीच झाला होता. प्रत्येक बिंदू जणू थेट डोक्यावरून पाहिल्यासारखा केला जातो, म्हणजे मोजमापात कुठे ताण किंवा आवळ राहत नाही. त्यावरून घराच्या हद्दी ठरतात आणि मालमत्ता पत्रक मिळते. जमिनीच्या वादात हेच चित्र हवे, दुसरे कुठलेही चालणार नाही. त्यात घराचे छप्पर दिसते, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळते. दार कोणत्या आळीत उघडते, ओटा आहे की नाही, घर एकमजली की दुमजली, हे त्यातून कळत नाही. ते टिपायला अजूनही कुणालातरी गावातून पायी हिंडावेच लागते.